शिरस्तेदारांची हिरवळ

दिगंबरपंत गायधनी एकतीस वर्षं कचेरीत होते. बिनपगारी उमेदवार म्हणून शिरले आणि शिरस्तेदार म्हणून बाहेर पडले. या मुदतीत त्यांच्या डोक्यावरून सात गोरे साहेब गेले. सातही साहेबांच्या बंगल्यांवर पंत कागदांचे गठ्ठे घेऊन गेले होते. प्रत्येक बंगल्यापुढे हिरवळ होती, हिरवळीवर वेताच्या खुर्च्या होत्या. साहेब खुर्चीत बसून सही करायचे. पंत हिरवळीच्या कडेला, मुरुमावर, वहाणा काढून उभे राहायचे. शाई वाळेपर्यंत वाकलेले असायचे.

कुणाला काशीला जायचं असतं, कुणाला नातवाचं तोंड पाहायचं असतं. पंतांना मरण्यापूर्वी एकदा, एकदाच, हिरवळीवर साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत बसून चहा प्यायचा होता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्या आळीला ठाऊक होतं.

निरोपाच्या दिवशी सातवे साहेब त्यांना सहज म्हणाले, आता बागकाम करा, कधीतरी बघायला येईन. साहेब लोक असं बोलतात आणि घरी जाईपर्यंत विसरतात. पण साहेबाचं बोलणं कागदावर उतरवण्यातच पंतांचा जन्म गेला होता. ते गळ्यात हार तसाच ठेवून घरी आले आणि अंगणाकडे बघत उभे राहिले.

घर गंगापूर रस्त्याला. पुढे दोन गुंठे अंगण. त्यात शेवगा, कढीलिंब, अळू आणि मिरच्यांचे दोन वाफे. पंतांच्या पत्नी सावित्रीबाईंचा निम्मा संसार घरात होता, निम्मा या अंगणात. आठ दिवसांत शेवगा आडवा झाला, वाफे सपाट झाले. तुळशीवृंदावन तेवढं उरलं. ते पाडायला पंतांचा हात धजेना.

“शेवगा आमटीत पडायचा,” सावित्रीबाई म्हणाल्या. “हे गवत कशात पडणार?”

“तुला नाही कळायचं. हिरवळ म्हणजे दर्जा.”

“बरं. उद्यापासून आमटीत दर्जा घालते.”

मुंबईच्या एका दुकानातून बियाण्याचा डबा आला. डब्यावर चित्र होतं. लांबवर हिरवागार गालिचा आणि त्यावर छत्री घेतलेली मडम. गवताची सुटी काडी चित्रात कुठेच नव्हती. डब्यात एक इंग्रजी चोपडं होतं. पंतांनी ते दोनदा वाचलं आणि समासात शेरे मारले. खत चांगलं कुजलेलं घालावं असं त्यात लिहिलं होतं. तो बारकावा पंतांनी गवळ्यावर सोपवला. गवळ्याने आपला उकिरडा मोकळा करून घेतला. कडेने, साहेबांच्या बंगल्यासारखा, मुरूम टाकला आणि श्रावणात, मुहूर्त पाहून, पेरणी झाली.

पंधराव्या दिवशी अंगण हिरवंगार झालं. पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्याच दुपारी साहेबांना चहाचं आमंत्रण लिहिलं. तीन मसुदे फाडले, चौथा पाठवला. साहेबांचा माळी निसार उत्तर घेऊन आला. दसऱ्यानंतरच्या शनिवारी, पाच वाजता, साहेब येणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवसाबाई आली. ती मखमलाबादची. घरचा मळा होता आणि रोज टोपली घेऊन या रस्त्याने भाजी विकत जायची. फाटकाशी ती थबकली.

“रावसायेब, भाजी पेरली व्हय?”

“हिरवळ आहे ती. विलायती.”

नवसाबाईने टोपली उतरवली आणि उकिडवी बसली. जत्रेत ओळखीची माणसं भेटावीत तशी ती एकेकाला नावाने हाक मारू लागली. “ह्यो तांदुळजा. ही घोळ. ह्यो केना, ह्यो टाकळा. ह्यो कुर्डू, लय माजतो. ह्यो लव्हाळा, ह्याच्या गाठी खाली हातभर गेल्या आसतील. आन् ही बया हराळी. समदं गोत जमलंय, रावसायेब. तुमचा ईलायती पाव्हना कोनचा, त्यो काय वळखू येईना.”

पंतांच्या पायाखालची हिरवळ सरकली. पण आमंत्रण गेलं होतं. साहेबाला गेलेला कागद परत येत नाही. त्यांनी नवसाबाईला रोज सकाळी येऊन तण निंदायला सांगितलं.

“निंदते की. पर काय ठिवायचं, त्ये तर सांगा. आमी मेथी-कोथमीर वळखतो. ही मडमेची भाजी मला ठाव नाय.”

पंतांनी डबा मागवला. नवसाबाईने चित्र निरखून पाहिलं. “छत्री झ्याक हे,” ती म्हणाली. मग तिने सरळ उपाय सांगितला. “बी उरलं आसंल तर चिमूटभर मडक्यात पेरा. वर आलं की वाफ्यातल्याशी ताडून बघू. जे सारखं दिसंल ते आपलं. बाकीचं उपटायचं.”

एकतीस वर्षांत पंतांना इतका शहाणा सल्ला कुणी दिला नव्हता. तळाशी चिमूटभर बी उरलंही होतं. पण सावित्रीबाईंनी डबा घासून त्यात सांडगी मिरच्या भरल्या होत्या. “झाकण घट्ट होतं,” त्या म्हणाल्या. “फेकायचा होता काय?”

मग पंतांनी कचेरीची अक्कल चालवली. माणसं निवडायची त्यांची एक रीत होती, तीच त्यांनी गवताला लावली. जे ताठ उभं राहतं, कुणाच्या अंगावर रेलत नाही, ते साहेबाच्या मुलखातलं. जे जमीन धरून सरपटतं, जिथे टेकेल तिथे मूळ रोवतं, ते आपल्यातलं. ताठ ते ठेवायचं, सरपटणारं काढायचं.

“ताठ हे त्यो चिमणचारा,” नवसाबाई म्हणाली. “चिमण्या खात्यात.”

“चिमण्यांना काय कळतं?”

“त्यास्नीच कळतं, रावसायेब. तुमी-आमी नुस्तं बघतो.”

“तू निंद.”

वृंदावनाच्या सावलीत एक झुबका होता. पातं नाजूक, पोपटी, उकाड्याने मान टाकलेलं. पंतांना ते रोगट वाटलं. त्यांनी स्वतः वाकून तो मुळासकट उपटला आणि नवसाबाईच्या टोपलीत टाकला. नवसाबाईच्या शेळीने तो संध्याकाळी खाल्ला. मुंबईच्या डब्यातलं विलायती गवत उगवलं होतं ते तेवढंच. ते खाल्ल्याचं त्या शेळीलाही कधी कळलं नाही.

निंदणी सुरू झाली. पंत खुर्ची टाकून देखरेखीला बसत. हराळीला नवसाबाईने कुदळ मागितली. “हिच्या काशा खोल जात्यात. मुळापासनं खांदावं लागंल.”

“खणायचं नाही. विलायती मुळं दुखावतील. वरचेवर खुरप.”

“खुरप्यानं तुटली की हरेक तुकडा जीव धरतो. एकीच्या धा व्हतील.”

“वाद घालू नकोस.”

नवसाबाई वाद घालणाऱ्यांतली नव्हती. ती रोज हराळी वरचेवर कापायची आणि हराळी रोज फुटायची. तांदुळज्याला मात्र तिने आठ-दहा दिवस हात लावला नाही. पंतांनी विचारलं तेव्हा म्हणाली, “कवळा हे आजून. मूळ धरू द्या, मंग निघतो बरा.” खरं म्हणजे निंदणीत निघालेली भाजी निंदणारीची, अशी मळ्यात रीत आहे, आणि बोटभर तांदुळजा कोण विकत घेणार? वीतभर झाला तेव्हा तिने तो एका सकाळी सफाईने काढला. निम्मा भद्रकालीच्या बाजारात गेला. निम्मा सावित्रीबाईंकडे, मागच्या दाराने. पंतांनी दोन दिवस लसूण घातलेली भाजी मागून मागून खाल्ली आणि कुठून आणली म्हणून विचारलं.

“दर्जा आहे,” सावित्रीबाई म्हणाल्या.

गणेशचतुर्थी आली. पंतांच्या घरी पार्थिव गणपती. सकाळी पंतांनी सोवळं नेसून अंगणातून एकवीस दूर्वांची जुडी खुडली, अथर्वशीर्ष म्हणून देवाच्या मस्तकी वाहिली, आणि दुपारी नवसाबाईला सांगितलं, “त्या हराळीचा नायनाट कर.”

सावित्रीबाई मोदकाचं पीठ मळत होत्या. “सकाळी देवाच्या डोक्यावर, दुपारी उकिरड्यात,” त्या म्हणाल्या. “गणपतीने पाहिलं हो.”

“देवघरातली ती दूर्वा. अंगणातलं ते तण.”

यावर गणपतीसुद्धा काही बोलला नसता.

कापलेली हराळी कुंपणापाशी ढिगाने साठली. एकदा निसार रस्त्याने चालला होता. त्याने सायकल थांबवली.

“शिरस्तेदारसाहेब, ये फेकता कशाला?”

“तण आहे.”

काही सांगावं असं निसारच्या मनात आलं असावं. पण शिरस्तेदाराला माळ्याने शिकवायचं नसतं, हे पंतांनीच त्याला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. “मग मी नेतो टोपलीभर,” तो म्हणाला. त्याने चार टोपल्या नेल्या. घोड्यासाठी असेल, असं पंतांना वाटलं.

भाद्रपद सरला. पंतांचं ताठ गवत गुडघ्याला लागलं. त्याला तुरे आले. पंत म्हणाले, विलायती गवत फुलतं. चिमण्यांचे थवे उतरू लागले. पंत टाळ्या वाजवून त्यांना हाकलत. मग तुरे पिवळे पडले, काड्या पिवळ्या पडल्या. नवरात्र संपत आलं तेव्हा अंगणात वाळका पेंढा उभा होता. घटातलं धान मात्र टरारून आलं होतं. ते सावित्रीबाईंनी पेरलं होतं.

“उमर झाली त्याची,” नवसाबाई म्हणाली. “चिमणचारा पाऊस हे तवर. उपटू का?”

पंतांनी मानेनेच हो म्हटलं. दोन सकाळींत तिने पेंढा उपटला. खाली हराळी होती. दीड महिना कापून कापून तिच्या एकीच्या दहा नाही, हजार झाल्या होत्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, माती दिसणार नाही अशी ती गच्च बसली होती.

पंत पायरीवर बसले. शनिवार चार दिवसांवर होता. रस्त्याच्या कडेला, स्मशानाच्या वाटेला, गाढवांच्या पायाखाली उगवणारं ते गवत. त्यावर साहेबाला बसवायचं? शुक्रवारी त्यांनी पंचवटीतल्या एका भजनी मंडळाच्या सतरंज्या मागून आणल्या आणि अंगणभर अंथरल्या, कडेला कड लावून. हराळीचं एक पातं बाहेर दिसणार नाही याची खात्री त्यांनी रांगत फिरून केली. मधोमध वेताच्या दोन खुर्च्या मांडल्या.

साहेब पाचाला आले. मागे निसार, हातात भेटीची कुंडी. साहेबांनी सतरंज्यांकडे पाहिलं. मग सावकाश मराठीत विचारलं, बाग कुठे आहे?

“बाग... कामात आहे, साहेब,” पंत म्हणाले.

कुंडी गळत होती. सतरंजी खराब होऊ नये म्हणून निसारने तिचं टोक उचललं.

“या अल्ला! साहेब, ये देखो! हराळी कैसी गच्च बसलीय!”

साहेब खाली वाकले. त्यांनी तळहाताने गवत दाबून पाहिलं, टोपी काढली, आणि सतरंज्या गुंडाळायला सांगितल्या. मग ते बोलत राहिले. आपल्या बंगल्यापुढेही हेच गवत आहे. इथपासून दिल्लीपर्यंत प्रत्येक बंगल्यापुढे हेच असतं. विलायती बी इथल्या उन्हात टिकत नाही, ते पेरणारा माणूस मूर्ख. यंदा आपल्या हिरवळीवर एक टक्कल पडलं होतं, पण निसारने कुठून तरी चार टोपल्या हराळी आणून ते बुजवलं.

निसार कुंडीतली माती सारखी करू लागला.

पंत ऐकत होते. एकतीस वर्षं ते हराळीच्या कडेला उभे राहिले होते. एकदाही त्यांनी खाली पाहिलं नव्हतं. नजर सहीवर होती.

साहेबांनी विचारलं, इतकी दाट कशी केली?

“कापत राहिलो, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली. तोच खरा उपाय, म्हणाले. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे हात केला.

“आलो. चहाचं सांगतो,” पंत म्हणाले.

चहा आला. साहेबांनी पुन्हा हात केला. “हो, हो,” पंत म्हणाले आणि चिवड्याची बशी पुढे केली. तिसऱ्यांदा साहेबांनी हात केला नाही. त्यांनी चहा घेतला, चिवडा खाल्ला, विलायतेला रजेवर जाणार असल्याचं सांगितलं. अर्ध्या तासाने उठले. पंत तो अर्धा तास हिरवळीच्या कडेला, मुरुमावर, वहाणा काढून उभे होते.

मोटार गेली. सावित्रीबाई दाराआडून बाहेर आल्या.

“बसलात का हो साहेबांजवळ?”

“खुर्च्या दोनच होत्या.”

“माणसंही दोनच होती.”

मदतीला बोलावलेली नवसाबाई सतरंज्यांच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिलं. यावेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

“आता बसा की, रावसायेब. कोन नाय इथं.”

पंत अनवाणी हिरवळीवर आले. गवत पायाला गार लागलं. साहेबांची खुर्ची सोडून ते दुसऱ्या खुर्चीत बसले, अगदी पुढच्या कडेवर. सावित्रीबाईंनी उरलेला चहा कपात ओतून त्यांच्या हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला.

रस्त्यावरून कुणाचीतरी मोटार गेली. पंत उठून उभे राहिले.