ठेंगीचा पहिला नंबर

आमच्या शेजारचा जावई दवाखान्यांना कवळ्या करून देतो, म्हणून सगळी गल्ली त्याला 'बत्तिशी' म्हणते. खोट्या दाताला खऱ्याचा रंग द्यावा तर त्यानंच. शेजारचा दात पिवळट असेल, तर हा नवाही तितकाच पिवळट करतो. असा माणूस खोटं बोलायला लागला, तर पकडणार कोण?

त्याचं आणि सासूबाईंचं जे गूळपीठ आहे, तसं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि गल्लीतलं एकही घर माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. कारण काय, तर एक जपानी अ‍ॅनिमे, म्हणजे कार्टून मालिका! बर्फावर गिरक्या घेत स्पर्धा जिंकायला निघालेल्या मुलींची गोष्ट. नात हॉस्टेलला जाताना हे वेड आजीला लावून गेली. बोलणं सगळं जपानी, अर्थ खाली अक्षरांत, आणि सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिसायचे ते पांढऱ्यावर हलणारे रंगाचे ठिपके. मग जावई खालची अक्षरं हातवारे करकरून वाचायचा. नायिका बुटकी, म्हणून सासूबाई तिला 'ठेंगी' म्हणायच्या.

मागच्या सीझनच्या शेवटी ठेंगी हरली. सासूबाई भरल्या ताटावरून उठल्या, रक्तदाब चढला आणि बायकोनं बत्तिशीला फैलावर घेतलं, "आईला काय वाट्टेल ते वाचून दाखवतोस!"

नवा सीझन आला. पहिल्याच स्पर्धेत ठेंगीनं उडी घेतली आणि धाडकन आडवी झाली. बत्तिशीनं वळून पाहिलं. सासूबाई हात जोडून बसलेल्या.

"कसला हो आवाज झाला, जावईबापू?"

"उतरली ना, आई. जोरात उतरली."

"मग लोक हळहळतायत कशाला?"

"कौतुकानं!"

"आणि ही रडतेय ती?"

"आनंदानं. पहिला नंबर आला ना!"

सासूबाईंनी अशा टाळ्या पिटल्या, की मी माझ्या घरात दचकलो.

मग काय, एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू. पुढच्या भागात ठेंगी खोलीत कोंडून बसली, बुटांना हात लावेना. बत्तिशी म्हणाला, मोठ्या स्पर्धेआधीची विश्रांती. ठेंगीची आई तिच्यावर ओरडली. त्यानं वाचलं, "जेवून घे, बाळा." इकडे सासूबाई खूश आणि ह्याचं कशात लक्ष लागेना. कामातही मापं चुकू लागली. एका गृहस्थाची कवळी तर अशी बसली, की बोलताना ती आधी बोलायची, गृहस्थ नंतर.

तेवढ्यात ऑपरेशनची तारीख मिळाली. सासूबाई हरखल्या. "आता ठेंगीचं तोंड बघीन हो. तुमच्या घशालाही आराम!"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या शिंकल्या, आणि बत्तिशीच्या मनात आलं, सर्दी होऊ दे, ऑपरेशन पुढं जाऊ दे. मन चिंती ते वैरी न चिंती! स्वतःचीच एवढी लाज वाटली, की माझ्याकडे येऊन त्यानं सगळं भडाभडा सांगितलं.

"अरे, मग सासूला सांग की," मी म्हटलं. "मला सांगून काय उपयोग? उद्या गल्लीभर होईल." झालंही.

ऑपरेशन नीट पार पडलं. टीव्ही बघायची परवानगी मिळताच सासूबाई नवा चष्मा लावून समोर बसल्या. "नवा सीझन पहिल्यापासून लावा. आता मी वाचते."

बत्तिशीनं रिमोट दाबलाच नाही. "आई, ठेंगीचा नंबर नव्हता आला. पडली होती ती. मी खोटं वाचलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "म्हणजे ती पोर आपटून रडत होती आणि मी टाळ्या वाजवत होते?"

बत्तिशीनं मान खाली घातली. बायकोसारखं फाडफाड बोलल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

शेवटी त्यांनीच रिमोट ओढून घेतला. "तुम्ही आता डोळे मिटून बसायचं. सीझन संपेपर्यंत."

तेव्हापासून सासूबाई वाचतात, अडखळतात, अक्षरं पळाली की चिडतात. जावई बिचारा डोळे घट्ट मिटून ऐकतो. काल मोठ्या स्पर्धेचा भाग होता. धाडकन आवाज झाला. लोक हळहळले.

"काय झालं, आई?"

"उतरली," सासूबाई म्हणाल्या. "जोरात उतरली."

बत्तिशीनं डोळे उघडले नाहीत. टाळीसाठी उचललेले हात मात्र तसेच राहिले.