दुसऱ्या नदीवरची पाणचक्की

निवृत्तीनंतर मी मुलाकडे अमेरिकेत, पिस्कॅटवेला राहायला आलो, तेव्हा पहिले काही महिने माझं दिवसभराचं बोलणं जेमतेम पाच-सहा वाक्यांचं होतं. मुलगा आणि सून सकाळी निघायचे ते संध्याकाळी उगवायचे. मी उभी हयात जळगाव जिल्ह्यात सरकारी मोजणीदार म्हणून काढलेली. बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या मध्ये उभं राहून घसा बसेपर्यंत बोलायची सवय. इथे भांडायलाही कोणी नव्हतं. मग मी चालायचो.

सप्टेंबरातल्या एका सकाळी कोपऱ्यावरच्या घरामागून वांगी भाजल्याचा वास आला. खानदेशातल्या माणसाला या वासापुढून पुढे जाता येत नाही. कुंपणापलीकडे एक म्हाताऱ्या बाई जाळीवर लाल ढोबळ्या मिरच्या आणि वांगी भाजत होत्या. ठेंगण्या, डोक्याला रुमाल, हातात लांब चिमटा.

"काय पाहिजे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, एकेक शब्द चाचपून टाकलेलं.

"काही नाही. वास आला म्हणून थांबलो. आमच्याकडेही वांगी अशीच भाजतात."

"सालं काढता येतात?"

"येतात की."

"मग आत या. हात धुवा."

अशी आमची ओळख झाली. त्या सर्बियाच्या. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेत आलेल्या, आता चौऱ्याऐंशीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शिकागोकडे. मी त्यांना ताई म्हणू लागलो. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, "चालेल. भाऊ नव्हताच मला."

त्या दिवशी मिरच्या सोलता सोलता त्यांनी विचारलं, की तुम्ही काम काय करायचात. मी म्हटलं, जमिनी मोजायचो, नकाशे काढायचो. त्यांचा हात थांबला.

"माझे वडील नकाशे काढायचे," त्या म्हणाल्या. "सैन्यात."

पुढे महिनाभर, कधी मिरच्या, कधी सफरचंदं सोलताना, मला त्यांच्या वडिलांची, त्या कॅप्टनची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. जर्मन सैन्य देशात घुसलं आणि थोड्याच दिवसांत राजाच्या सैन्याने शस्त्रं खाली ठेवली. अधिकाऱ्यांना कैदी करून न्यायला लागले. हा माणूस शरण गेला नाही. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतः काढलेले नकाशे त्याने चुलीत घातले, आणि वीसेक माणसं घेऊन डोंगरात गेला. वाटा सगळ्या डोक्यातच होत्या. पूल उडवायचे, तारा तोडायच्या, पळालेल्या कैद्यांना खिंडीतून पलीकडे काढायचं, ही त्यांची कामं. त्याच शरदात खाली गावात त्याला मुलगी झाली. ती म्हणजे ताई.

डोंगरात लढणाऱ्यांचे दोन गट होते. आधी एकत्र लढले, मग आपसात फाटलं आणि एकमेकांवर बंदुका चालू झाल्या. कॅप्टन राजाच्या बाजूचा. युद्धानंतर सत्ता दुसऱ्या बाजूला मिळाली. त्यामुळे ताईंच्या आईने नवऱ्याचा फोटो कपाटाच्या पाठीमागे खिळ्याला लावला, भिंतीकडे तोंड करून, आणि मुलीला घेऊन शहरात राहायला गेली. घरात त्याचा विषय बंद.

एवढं सांगून ताई दर वेळी थांबायच्या. शेवट सांगायच्या नाहीत. मीही विचारलं नाही.

नोव्हेंबरात त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. टेबलावर एक जाड पाकीट होतं. त्यांच्या मुलाने गावाजवळच्या एका छोट्या संग्रहालयातून जुन्या कागदांच्या प्रती मागवल्या होत्या. पाकीट तीन आठवडे तसंच पडून होतं.

"तुम्ही नात्यातले नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तुमच्यासमोर उघडते."

आणि मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ वर्षांच्या असताना आत्याच्या घरी त्यांच्या हातून दुधाचं भांडं फुटलं. आत्या, म्हणजे कॅप्टनची बहीण, संतापात म्हणाली, "तुझ्यामुळेच गेला तो! तुला बघायला खाली उतरला आणि चक्कीत सापडला." त्यांच्या गावाखाली नदीवर पाणचक्की होती. कॅप्टन पाणचक्कीत पकडला गेला आणि दुसऱ्या आठवड्यात त्याला गोळ्या घातल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरीने दोन आणि दोन चार केले. नवऱ्यालासुद्धा त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

मी पाकीट फोडून दिलं.

आत एका माणसाची जबानी होती. म्हातारपणी सांगून कोणाकडून तरी लिहून घेतलेली. तो दुसऱ्या गटाचा सैनिक होता. ताई भिंग धरून एकेक ओळ वाचायच्या आणि मला इंग्रजीत सांगायच्या. त्याच्या मांडीत गोळी लागली होती, त्याचे साथीदार पुढे निघून गेले होते. कॅप्टनला तो बर्फात सापडला. दोन्ही गटांचं तेव्हा वैर होतं. तरी कॅप्टनने या जखमी सैनिकाला पाठीवर घेऊन एका पाणचक्कीत आणलं, स्वतःच्या माणसांना पुढे पाठवलं आणि तीन दिवस त्याच्यापाशी थांबला. चौथ्या सकाळी जर्मन शिपाई आले. कॅप्टनने याला धान्याच्या कोठीत घातलं, वर रिकामी पोती टाकली आणि हात वर करून एकटाच दारातून बाहेर गेला. त्यांना हवा होता तो माणूस मिळाला. आत कोणी शोधलंच नाही.

ताईंनी भिंग खाली ठेवलं. "पण चक्कीतच ना," त्या हळूच म्हणाल्या.

"चक्की कशी होती, ते लिहिलंय का?" मी विचारलं. हा प्रश्न माझा नव्हता, माझ्या नोकरीचा होता. आम्ही जबाब असेच घ्यायचो.

त्यांनी पुन्हा वाचलं. कोठीच्या फटीतून त्याला उघडं दार दिसत होतं. उगवतं ऊन सरळ आत येत होतं, आणि दारापुढून पाणी उजवीकडून डावीकडे वाहत होतं.

मी उठून उभा राहिलो. "ताई, दार पूर्वेला. पूर्वेकडे तोंड केलं की उजवा हात दक्षिणेला. म्हणजे ही नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. तुमच्या गावची?"

त्यांना आठवेना. मी पाकीट घेऊन त्यांनाच आमच्या घरी आणलं. शनिवार होता, मुलगा घरी होता. त्याने मोठ्या स्क्रीनवर नकाशा लावला. "बाबा, झूम करू का? थांबा, टेरेन ऑन करतो."

त्यांच्या गावची नदी दक्षिणेला वाहत होती. खोऱ्याच्या उतारावरून ते स्वच्छ दिसत होतं. मग आम्ही मोठी डोंगररांग ओलांडली. पलीकडच्या खोऱ्यात दुसरी नदी होती, उत्तरेला जाणारी, आणि तिच्या काठावर एका जुन्या पाणचक्कीची खूण.

"मध्ये एवढा डोंगर आहे," मी बोट ठेवून दाखवलं. "बर्फात दीड-दोन दिवसांची चाल. ते घराकडे येत नव्हते, ताई. घर त्यांच्या पाठीमागे होतं."

"नक्की?"

"माणूस चुकीचं सांगतो. पाणी नाही सांगत."

सुनेने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. मग ताईंनी उरलेलं शेवटचं पान उघडलं आणि वाचता वाचता एकदम थांबल्या. त्या तीन दिवसांत कॅप्टन कशाबद्दल बोलायचा, ते तिथे होतं. मुलगी झाली आहे, अजून पाहिली नाही, बर्फ वितळलं की जाईन. नाव मीच ठेवलं, निरोप पाठवून कळवलं. आणि त्या सैनिकाने, इतक्या वर्षांनी, ते नाव सांगितलं होतं. ताईंनी कागदावरच्या स्वतःच्या नावावर बोट ठेवून मला दाखवलं. मला ती लिपी येत नव्हती, पण मी वाचल्यासारखी मान हलवली.

"आईने ठेवलं असेल असं वाटायचं मला," त्या म्हणाल्या.

आत्याबद्दल मी काहीतरी कडू बोललो. त्यांनी मला अडवलं. "नाही. तिलाही 'चक्की' एवढाच शब्द कळला होता. भाऊ गेला होता तिचा."

मे महिन्यात मुलाला बरोबर घेऊन त्या तिकडे गेल्या. मी एवढ्या लांबच्या प्रवासाची काळजी करत होतो, तर त्या मलाच म्हणाल्या, "तुम्ही जेवत जा वेळेवर."

चार दिवसांनी व्हिडिओ कॉल आला. चक्कीच्या जागी आता एक लहानसं खानावळवजा हॉटेल होतं, बाहेर लाकडी बाकं. दगडी दार मात्र जुनंच. मुलाने फोन फिरवून पाणी दाखवलं. उजवीकडून डावीकडे. वडिलांसाठी लावलेली मेणबत्ती त्यांनी दारापाशी वाळूत रोवली होती. वाऱ्याने ती दोनदा विझली, दोनदा मालकिणीने पेटवून दिली. ताईंनी सगळी हकीकत सांगितल्यावर ती बाई आत जाऊन आपल्या नवऱ्याला बोलावून आली होती आणि आता तिघं-चौघं त्यांच्याभोवती उभे होते.

"आता इथे नदीतले ताजे मासे मिळतात," ताई ओरडून सांगत होत्या, पाण्याच्या आवाजावर आवाज काढून. "मी दोन मागवलेत. तुम्ही शाकाहारी, तुमचं नुकसान!"