कमळची चिंबोरी

कमळ माझी धाकटी नणंद. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्याने आणून सोडली, ती राहनाळला आमच्याकडेच राहिली. तिचा फोटो कधी कुणी काढला नाही. जीभ मात्र सगळ्या आळीला ठाऊक, जांभळं खाल्ल्यासारखी. ओली झाली की जांभळी उमटणारी कॉपिंग पेन्सिल जिभेवर ओली करून ती पातळ कागदावर चित्रं काढायची. उशीचा अभ्रा ओलसर करायचा, कागद त्यावर पालथा घालायचा आणि वरून कोळशाची इस्त्री दाबून धरायची, सरकवायची नाही. कागद उचलला की चित्र कापडावर. मग त्यावर दोरा भरायचा. एका कागदातून एकच अभ्रा निघायचा. कागदावर मागे काही राहायचं नाही.

बाजारात छापील कागद मिळायचे, गुलाबाचे, पोपटांचे. आमची कमळ खाडीतली चिंबोरी काढायची, नांग्या उगारलेला खेकडाच.

शेजारची काशी म्हणाली, “अगो, उशीवर चिंबोरी? नवऱ्याला चावंल ना!”

“चावू दे. जागा तरी ऱ्हाईल मेला.”

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, पण आमच्या आधी थांबली.

चौऱ्याहत्तर साली माझ्या चंद्राचं लग्न ठरलं. रुखवतात आत्याच्या हातची उशी हवी, असा पोरीचा हट्ट. तेवढ्यात कमळला कावीळ झाली. मी तिची पेन्सिल काढून घेतली, म्हटलं गुमान पडून राहा. माघात ती गेली. तोंडात शेवटचं पाणी घालायला वाकले, तर जीभ जांभळी. पेन्सिलीचा दुसरा तुकडा कुठे दडवला होता, तिलाच ठाऊक. गोधडीखाली कागद सापडला. दोन चिंबोऱ्या, समोरासमोर.

वैशाखात लग्न. चंद्रा म्हणाली, “आये, इस्त्री तापवू?”

“न्हाय. एकदा दाबली की कागद कोरा. मंग तिचं माझ्यापाशी काय ऱ्हाईल?”

“आत्यानं उशीसाठी काढलंय. पेटीत ठेवायला न्हाय.”

मी ऐकलं नाही. बाजारातले पोपट आणले. चंद्रा ती पोपटांची उशी घेऊन दिघाशीला नांदायला गेली. कागद मी कमळच्याच एका कोऱ्या अभ्र्यात घालून पेटीच्या तळाशी ठेवला. सोन्यासारखा जपला म्हणा ना.

त्या पावसाळ्यात घरात पाणी शिरलं नाही. ओल शिरली. गौरीला चंद्रा माहेरी आली, तिने पेटी उघडली. कागदाचा लगदा झाला होता, आणि अभ्र्यावर हा एवढा जांभळा डाग.

मला वाटलं, आता पोर बोलणार. बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने अभ्रा उजेडात धरला, डागाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“ही बघ नांगी,” म्हणाली, आणि सुई मागितली.

मला नुसता डाग दिसत होता. तरी मी दोरा ओवून दिला. दुपारभर टाके घालून एक नांगी झाली. पुढे कुठे जायचं, ते तिलाही दिसेना.