ताणाच्या चार सरी

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाद्याच्या आमच्या संशोधन केंद्रात बटाट्याची पानं वाळत घालत होते. त्यांची सून बोलत होती आणि पानं माझ्या हातातच राहिली... आता दीड महिना झाला. तरी डोळे मिटले की प्रकाशा गावाजवळचं त्यांचं तापीकाठचं शेत दिसतं, सकाळचं धुकं दिसतं, आणि त्या धुक्यात बटाट्याची पांढरी फुलं नुसती तरंगत असतात.

कमी पाण्यात तगणारं वाण शोधायचा आमचा प्रयोग होता. आप्पांनी हौसेनं अर्धा एकर दिला. चार सरींना पोटभर पाणी, चार सरींना ताण, म्हणजे त्या मुद्दाम तहानलेल्या ठेवायच्या. पहिल्या वर्षी ताणाच्या सरींनी असा काही बटाटा दिला की मी हवेतच! हे वाण तालुकाभर लावा, असं सांगायला मी निघालेच होते. आप्पा वजनकाट्यापाशी टोपी चुरगाळत उभे होते. मग म्हणाले, "ताई, त्या सऱ्यास्ले मी पानी दिन्हं. मन्हाघाई दखायनं नही."

तहानलेलं पीक त्यांना बघवलं नव्हतं. माझा पारा चढला. अख्खं वर्ष वाया गेलं होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी तोंडाला येईल ते बोलले, त्याची आजही लाज वाटते. ते गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि मी भलतंच वाण लोकांच्या गळ्यात मारलं असतं. एवढं साधं मला परतीच्या एसटीत कळलं.

पुढच्या हंगामात प्रयोग पुन्हा लावा, असं आप्पाच म्हणाले. या वेळी ते बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून तापीकडे तोंड करून बसायचे, सरींकडे पाठ. मी चिडवलं, पिकावर रुसलात की काय? तर म्हणाले, "दिसनं का हात ऐकस नही."

फुलं गळायच्या सुमाराला ते गेले. शेवटच्या दिवशी बोलणं जड झालं होतं, तरी सुनेला बजावलं, ताईच्या ताणाच्या सरींना पाणी देऊ नको. तिनं दिलं नाही.

गेल्या आठवड्यात काढणी झाली. ताणाच्या सरींत लिंबाएवढे बटाटे निघाले. वाण नापास झालं, आणि मी तसंच लिहिलं. खुर्ची अजून तापीकडे तोंड करून होती... वजन आटोपल्यावर मी ती सरींकडे वळवून ठेवली. आता आप्पांनी बघायला हरकत नव्हती.