देवासमोर दिलेला शब्द

"विचारते हां," असं म्हणून सिस्टर उजवा हात छातीवर ठेवायच्या आणि डोळे मिटायच्या. भाजीवाली तराजू धरून ताटकळायची, आम्ही पायरीवर तोंडाकडे बघत राहायचो. मग डोळे उघडून त्या सांगायच्या, "नको म्हणाला," किंवा "चालेल म्हणाला."

हा म्हणणारा म्हणजे देव. नवख्या माणसाचा गोंधळ व्हायचा. त्या रोह्याला आमच्या चाळीत राहायला आल्या तेव्हा माझाही झाला. मी शाळेत शिकवायची, त्या गावातल्या एका डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. आमच्या भिंती लागून होत्या. एकदा मी विचारलंच, "सिस्टर, कोणाला विचारता हो? घरात दुसरं मोठं माणूस तर दिसत नाही."

"त्याच्याहून मोठं कोण आणू, बाई?" म्हणून हसल्या.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण आधी त्यांना हसतो आणि मग त्यांची सवय लागते. गणपतीत चाळीच्या मालकीणकाकूंनी सिस्टरना जेवायला बोलावलं. आरती होईपर्यंत त्या बाहेर आमच्या चपलांपाशी बसून राहिल्या. पानात उकडीचे मोदक आले. ख्रिस्ती बाई, आता खाते की नाही, म्हणून सगळ्या टपून बसलेल्या. सिस्टरनी हात छातीवर ठेवला, डोळे मिटले आणि मोदक फोडला. "मोदकांबद्दल काही बोलला नाही," म्हणाल्या आणि तुपासाठी वाटी पुढे केली.

पण हे सगळं गमतीचंच होतं असं समजू नका. एकदा नळावर एका बाईने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. चूक उघड त्या बाईची. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरच तिच्या दारात जाऊन माफी मागून आल्या. मी चिडले, तर म्हणाल्या, "मला कुठे जायचं होतं? पाय जड झाले होते. त्याने ढकललं म्हणून गेले."

त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पत्र्याची ट्रंक होती आणि कडेवर तान्ही मुलगी. लग्न न झालेली बाई आणि कडेवर मूल. चाळीला दुसरं काय हवं? सिस्टरनी पहिल्याच दिवशी काकूंच्या ओटीवर बसून सगळं सांगून टाकलं.

त्याआधी त्या पेणला होत्या. तिथल्या दवाखान्यात धरमतर खाडीकडच्या गावातली एक पोरसवदा बाई बाळंत झाली. तिचा नवरा मालाच्या बार्जवर कामाला होता. तोल जाऊन खाडीत पडला आणि बुडाला, तेव्हा ती सात महिन्यांची गरोदर होती. सासरच्यांनी दार लावलं. भाऊ मिठागरावर राबणारे. त्यांनी तिचं दुसरं लग्न ठरवत आणलं होतं, पण तिथे पोरीची अडचण होती. तिने सिस्टरचे पाय धरले. "ठेव गो हिला. माजं बस्तान बसलं का मी येईन. नाय म्हनू नको."

"मी देवाला साक्षी ठेवून हो म्हटलं," सिस्टर सांगत होत्या. "येशील तेव्हा घेऊन जा म्हटलं."

त्या मुलीला बाळी म्हणायच्या. तिचा बाप्तिस्मा केला नाही. "परक्याची ठेव आहे. तिच्या आईला विचारल्याशिवाय कसं करू?" म्हणायच्या. तोंड फुटल्यापासून तिला 'मावशी' म्हणायला शिकवलं. "तुझी आई खाडीकडे आहे," हे गोष्टीसारखं रोज सांगायच्या. रोह्याला येताना पेणच्या दवाखान्यात पत्ता ठेवून आल्या होत्या. काकूंनी कपाळावर हात मारला, "अहो, पत्ता कशाला ठेवलात?"

"ती आली तर शोधत फिरेल ना बिचारी."

बाळी मोठी होत गेली. सिस्टरची ड्युटी असली की ती माझ्याकडे असायची. माझ्या वह्यांवर चिमण्या काढायची, डब्यातले शेंगदाणे संपवायची. एकदा तिला टायफॉइड झाला. चांगली झाल्यावर एका दुपारी सिस्टर माझ्याकडे येऊन बसल्या.

"बाई, तापात ती 'आई, आई' करत होती. मी ओ दिली."

"मग?"

"ती दुसऱ्या बाईची हाक होती. मी घेतली. पाप झालं का हो?"

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही, कळलं नाही.

बाळी पाच वर्षांची झाली आणि आई आली. सोबत नवरा होता. मी दारातच होते. बाई अंगणात उभी राहून म्हणाली, "सिस्टरबाय, मला वळखलंस काय गो?" सिस्टरनी चौकटीला हात लावला आणि नुसती मान हलवली.

तो माणूस दुष्ट असता तर आम्हाला सोपं झालं असतं. पण तो साधा, लाजरा होता. म्हणाला, "मला लग्नानंतर लय वर्सांनी समजला, का हिला पोर हाय. आपली पोर लोकांकडं कशाला? डोलवीला कंपनीत कंत्राटी काम हाय माजं. उपाशी नाय राहायची." बाईला पुढे मूल झालं नव्हतं. ती बाळीकडे बघत होती, पण हात लावायला धजत नव्हती. बाळी सिस्टरच्या साडीत तोंड खुपसून उभी.

"रविवारी या," सिस्टर म्हणाल्या.

ते चार दिवस मी विसरणार नाही. काकू म्हणाल्या, "कागद कुठे आहे तिच्याकडे? देत नाही म्हणा." कोणी म्हणालं, नगरला तुमच्या भावाकडे निघून जा. पेणहून त्यांच्या चर्चचे पाळक आले. तेसुद्धा हळूच म्हणाले, "सिस्टर, देवानेच तुम्हाला हे लेकरू दिलं असेल. प्रार्थना करून बघा."

"देवाने नाही दिलं, पाळकसाहेब," सिस्टर म्हणाल्या. "तिने दिलं. देवासमोर दिलं."

पाळक गेल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, एकदा विचारून तर बघा त्याला."

त्यांचा हात छातीकडे गेलाच नाही. "नाही विचारणार, बाई. तो काय म्हणेल ते मला माहीत आहे. विचारलं तर ऐकावं लागेल." आणि मग भिंतीला डोकं टेकून म्हणाल्या, "न विचारताही ऐकावंच लागणार आहे."

रविवारी स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. बाळीला नवा फ्रॉक होता. सिस्टरनी आईला एक एक सांगितलं. तिला वांगं चालत नाही, अंगावर पित्त उठतं. झोपताना पायावर पांघरूण नको असतं. दात पडायला आलाय, ओढू नका. ती बाई प्रत्येक गोष्टीला "व्हय, व्हय" करत रडत होती. पेणची एस.टी. लागली. गाडीत बसायला मिळालं म्हणून बाळी खूश. खिडकीच्या गजांतून तिने विचारलं, "मावशी, तू मागच्या गाडीने येतेस ना?"

सिस्टर गजांना धरून म्हणाल्या, "नाही बाळी. मी येणार नाही. तू आता आईकडे राहायचं."

तिचा चेहरा बदलला. कंडक्टरने घंटी मारली. नागोठण्याच्या रस्त्याला गाडी वळेपर्यंत तिचं रडणं ऐकू येत होतं.

घरी येताना मला राहवलं नाही. "तिला हो म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? पोर हसत गेली असती."

"आणि मग प्रत्येक गाडीची वाट बघत बसली असती," सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर त्या ड्युटीला जात राहिल्या. बाळंतिणींना धीर देत राहिल्या. पेणला रविवारच्या उपासनेलाही जायच्या, पण गाण्याला उभ्या राहून तोंड उघडायच्या नाहीत, असं पाळकांनीच मला सांगितलं. भाजी घेताना थांबणं संपलं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं ऐकते मी, बाई. सांगेल ते करते. पण बोलत नाही त्याच्याशी."

तीन-चार वर्षांनी एका दिवाळीत आई बाळीला घेऊन भेटायला आली. पोर उंच झाली होती, उन्हाने रापली होती, बोली पार खाडीकडची झाली होती. आईच्या पदराआडून तिने विचारलं, "ही कोन गो आये?" आई ओशाळली. सिस्टरच पटकन म्हणाल्या, "मी दवाखान्यातली सिस्टर." तिच्या हातात चकली दिली. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाल्या, "विसरली ते बरं झालं. म्हणजे रडत नसेल." मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

पुढे त्यांना पोटाचं दुखणं निघालं. ऑपरेशन करूनही उपयोग झाला नाही. शेवटच्या दिवसांत मी शाळेतून आले की त्यांच्या उशाशी बसायची. एका दुपारी त्यांचा चेहरा जरा मोकळा दिसला.

"आज बोलले त्याच्याशी," म्हणाल्या.

"काय बोललात?"

"भांडले. तोंडाला येईल ते बोलले. माझी पोर होती म्हटलं, तुला ठाऊक होतं."

"मग तो काय म्हणाला?"

"काही नाही. ऐकून घेतलं सगळं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाई, त्यालाही वाईट वाटलं असेल हो."

तीन दिवसांनी त्या गेल्या. पेणला पुरलं त्यांना. आम्ही चाळीतली पाच-सात माणसं होतो, पाळक होते, दवाखान्यातल्या आया होत्या. मी निरोप पाठवला होता, म्हणून खाडीकडची ती बाई पोरीला घेऊन आली. पाळकांची प्रार्थना चालू असतानाच ती मातीवर कोसळली आणि त्यांच्याकडच्या बायका रडतात तशी गळा काढून रडू लागली. "माज्या पोरीला छातीशी धरलंस गो बाय! माजी मला परत केलीस, आन आपली वटी रिकामी केलीस गो!"

पाळक थांबले. कोणी तिला उठवलं नाही.

बाळी घाबरून गेली होती. तिने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं, मग आईजवळ बसली आणि फ्रॉकच्या टोकाने तिचे डोळे पुसायला लागली. "नको रडू ना आये," ती म्हणत होती. "कोन होती ती आपली? चल ना घरी."