डबल स्टँड

गाडी फाटकातून आत आली की अण्णा खुर्चीतून उठायचे, लुंगी वर खोचायचे आणि म्हणायचे, "सोड. पुढचं माझं." मग पाय डबल स्टँडच्या पट्टीवर, एक हात हँडलला, दुसरा मागच्या कड्याला, आणि तोंडातून बारीकसा 'हं'. स्कूटर टक्कन उभी. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. परक्याची गाडी साइड स्टँडवर कललेली दिसली तरी ज्याला चैन पडत नाही, असा.

बंगळुरूला, बनशंकरीत अण्णांच्या गच्चीवरची खोली मिळाली तेव्हा मी गावाहून नवाच आलो होतो. शाळा नववीत सुटलेली, कन्नड येत नव्हतं. जयनगरच्या एका औषधांच्या दुकानात घरपोच औषधं द्यायचं काम मिळत होतं, पण गाडी असेल तरच. अण्णांचं घराणं मराठी, पण कितीतरी पिढ्यांपासून इथलंच. माझं मराठी ऐकून ते हसले, त्यांचं ऐकून मी. मग म्हणाले, "उभी राहून गाडी खराब होते रे. दिवसा तू चालव, संध्याकाळी मला आणून दे." एवढ्यावर माझी नोकरी उभी राहिली. दिवसभर धुरात, सिग्नलवर, एकच धास्ती असायची, की गाडीला ओरखडा पडला तर त्यांना काय तोंड दाखवू.

ऑइल बदलायला मात्र ते स्वतः यायचे, माझ्या मागे बसून, थेट शिवाजीनगरला. मेकॅनिकने काढलेलं जुनं ऑइल दोन बोटांत चोळून बघायचे. "काळं झालंय, पण कचकच नाही. सरी." सरी म्हणजे ठीक. परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये त्यांना डुलकी लागायची, कपाळ माझ्या पाठीला टेकायचं. मग मी खड्डे बघून बघून, अगदी हळू चालवायचो.

त्यांची मुलगी म्हैसूरला. ती रोज फोनवर म्हणायची, अप्पा, आता एकटे राहू नका, इकडे या. अण्णांचं उत्तर ठरलेलं. ज्या दिवशी गाडी डबल स्टँडवर चढणार नाही, त्या दिवशी येतो.

गेल्या वर्षी तो 'हं' लांबायला लागला. एका संध्याकाळी गाडी अर्धी वर आली आणि परत खाली बसली. पुन्हा तेच. मी पुढे झालो तर त्यांनी असं बघितलं की मी हात मागे घेतला. कशीबशी चढवली आणि खुर्चीत बसून बराच वेळ धापा टाकत राहिले. "आज स्वल्प दमलो," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मी घरामागून फरशीचा एक तुकडा आणला आणि मागचं चाक जिथे येतं तिथे ठेवला. चाक बोटभर उंच झालं की स्टँडला जोर कमी लागतो. त्या संध्याकाळी एका 'हं'मध्ये गाडी उभी. अण्णांनी खाली बघितलं नाही, काही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. ते म्हैसूरला गेले तर आपलं काय, ही भीती मला होतीच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला अक्का आल्या, म्हणजे त्यांची मुलगी. पहाटेच उठून त्यांनी अंगण झाडलं, धुतलं, रांगोळी काढली. अंगण धुताना बाजूला घेतलेली स्कूटर मी पुसली, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. पूजा झाली, लिंबं चिरडत गाडी फाटकापर्यंत नेली, वळवून आत आणली. अण्णा उठले. "सोड. पुढचं माझं."

तेव्हा माझं लक्ष गेलं. फरशी जागेवर नव्हती. अक्कांनी कचरा समजून ती भिंतीच्या कडेला टाकली होती.

अण्णांनी जोर लावला. गाडी हलली नाही. पुन्हा लावला. झेंडूच्या पाकळ्या तेवढ्या गळल्या. अक्कांनी आरतीचं ताट खाली ठेवलं. मग अण्णांनी पायानेच साइड स्टँड काढला आणि गाडी हळूच त्यावर कलती केली. त्यांनी तसं केलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

"सरी," ते म्हणाले. "माझी बॅग भर."

"अप्पा, मी काही म्हटलं का?"

"मी म्हटलं होतं की."

निघताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. गाडी विकायची नाही, असं अक्कांना बजावलं होतं. मला म्हणाले, हवा बघत जा, ऑइलला उशीर करू नको. कारमध्ये बसता बसता थांबले आणि भिंतीकडे मान करून म्हणाले, "ती फरशी आण. होती तिथेच ठेव."

माझी मान वर होईना.

"जागा बरोबर धरली होतीस," ते म्हणाले. "चाक नेमकं मधे यायचं."

आता संध्याकाळी दमून येतो तेव्हा खुर्ची रिकामी असते. माझ्या अंगात जोर आहे, फरशीशिवायही गाडी चढेल. तरी चाक मी फरशीवरच नेतो. मग थोडा वेळ हँडल तसंच धरून उभा राहतो. सोड म्हणणारं कुणी नसतं.