एकच कप उरला होता

नवऱ्याला हे माहीत नाही. लेकीला माहीत नाही. बहिणीशी मी तासन्‌तास फोनवर बोलते, जगातल्या सगळ्या बायकांची उणीदुणी काढते, पण तिच्याजवळही हे कधी तोंडातून निघालं नाही. आणि जिला सांगायला हवं — तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या समोर बसलेले नाही. तुमच्या चेहऱ्याकडे मला बघावं लागणार नाही.

तर — चहा. चहापासूनच सुरुवात करते. तिथून बोलणं सोपं जातं.

माझे यजमान फौजेत होते. सिलिगुडीकडे पोस्टिंग असताना सुट्टीवर येताना ते पत्तीच्या चहाचा डबा घेऊन आले. आमच्या घरी चहा म्हणजे पावडर, साखर, आलं, दूध सगळं एकदम पातेल्यात आणि मग खदखदा उकळी. त्या लांब, पिळदार पानांनाही मी तीच शिक्षा दिली. काढा झाला. सासूबाईंनी — आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात — एक घोट घेतला आणि विचारलं, "ह्यो माणसासाठी हाय का म्हशीसाठी?"

तो डबा मी तसाच ऑफिसात नेला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. शेजारी सुनीता बसायची. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या कार्यालयात आम्ही दोघी क्लार्क होतो. तिनं डब्यात नाक खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "मंगल, हा उकळायचा नसतो गं. उकळी यायच्या आत गॅस बंद, पत्ती टाकायची आणि झाकण." कुठं शिकलीस म्हटलं, तर मोबाइलवर. आम्ही दोघींनी ऑफिसच्या पॅन्ट्रीत करून बघितला. रंग आला मधासारखा. पहिल्यांदा मला कळलं की चहालाही वास असतो, एरवी आल्याचाच वास चहाचा म्हणून खपून जातो.

मग आम्हाला नादच लागला. दर शनिवारी दुपारी माझ्या स्वयंपाकघरात आमची प्रयोगशाळा. संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या, बडीशेप, परसातला गवती चहा. एकदा पाचगणीहून आणलेल्या स्ट्रॉबेरीचे काप उन्हात वाळवून पत्तीत मिसळले. आंबट झाला, पण लय भारी झाला. चहाची पानं शेजारचा वास ओढून घेतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मी पहिला डबा ठेवला कांदा-लसूण चटणीच्या बरणीला चिकटून. आठ दिवसांनी सुनीतानं घोट घेतला आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ह्याच्याबरोबर भाकरी देणार आहेस का?" आम्ही इतक्या हसलो की आत्याबाई आतल्या खोलीतून बघायला आल्या.

किती छान चाललं होतं, नाही? मीही स्वतःला हेच सांगत असते. इथपर्यंतच सांगते आणि थांबते.

सुनीतानं घर बांधलं. गृहप्रवेशाला मी गेले. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, आणि सगळे हात जोडून वंदना म्हणत होते. मी चप्पल काढून दारातच उभी राहिले. तिच्या आडनावावरून मला काही कळलं नव्हतं. म्हणजे — आडनावावरून मी काढायचा प्रयत्न केला होता, हे यातच आलं. तुम्ही नाही करत? असो. तुमचं तुम्ही बघा.

त्या दिवशी मी तिच्या घरी जेवले नाही. उपवास आहे म्हटलं. ती म्हणाली, "उपवासाला चहा चालतो की!" आणि माझ्या हातात कप दिला. मी प्यायले. घरी येताना रिक्षात मला स्वतःचा अभिमान वाटत होता. चहा प्यायल्याचा अभिमान! मैत्रिणीच्या घरी चहा प्यायल्यावर कुणाला अभिमान वाटतो? तेव्हाच मला माझं कळायला हवं होतं.

त्याआधी ती आमच्या घरी आमच्याच कपांतून प्यायली होती. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पण पुढच्या शनिवारच्या आत मी सांगलीत एका प्रदर्शनात गेले आणि एक कप विकत घेतला. पांढराशुभ्र, कडेला निळी रेघ. टेबलावर त्या कपांची चळत होती. विकणारी बाई म्हणाली, "ताई, जोडी तरी घ्या, एकटा कप कुणी नेतं का?" मी एकच घेतला.

शनिवारी तो सुनीताच्या पुढं ठेवला. म्हटलं, "चहाचा रंग नीट कळायला आतून पांढरा कप लागतो. आपल्या दोघींत तुझी जीभ पक्की, म्हणून हा तुझा."

"आणि तुझा?"

"एकच उरला होता."

तिला इतका आनंद झाला! दोन्ही हातांत धरून तिनं तो खिडकीतल्या उजेडात फिरवून बघितला. आणि मी — मी तिचा आनंद बघत उभी राहिले. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? सुटका झाल्यासारखं वाटलं. किती सफाईनं जमलं, असं वाटलं.

तो कप आमच्या कपांच्या स्टँडवर कधी लागला नाही. तो खिडकीच्या कट्ट्यावर, चहाच्या डब्यांजवळ. 'चहाचं सामान एके ठिकाणी असलेलं बरं' — मलाही पटलेलं कारण. चहा झाला की सुनीता उठायची, आपला कप आपण विसळायची आणि कट्ट्यावर पालथा घालायची. तिची आपली सवय, चांगल्या घरची. मी म्हणायचे, "राहू दे गं, मी करते." तोंडानं म्हणायचे. जागची हलायचे नाही.

माझं माहेर कडेगावजवळचं. आमच्या गोठ्याच्या भिंतीला एक फळी होती, तिच्यावर एक कान तुटलेली कपबशी. उसाच्या कामाला एक बाबा यायचे. आई त्यांच्या कपात वरून चहा ओतायची, किटली कपाला लागू न देता. पिऊन झालं की ते कपबशी स्वतः धुवायचे आणि फळीवर पालथी घालायचे. मी शाळेत समतेवर भाषण करून बक्षीस आणलेली मुलगी. पण त्या कपबशीला हात लावायचा नाही, हे मला कुणी न शिकवताच येत होतं. आता कळलं, माझ्या स्वयंपाकघरात दर शनिवारी काय चालायचं ते?

फळी गेली, कट्टा आला. आणि माझी हुशारी बघा — त्या बाबांना निदान माहीत होतं आपल्याला काय दिलंय ते. सुनीताला मी ते बक्षीस म्हणून दिलं.

मनाशी मी सगळं आत्याबाईंच्या नावावर टाकलं होतं. जुन्या वळणाच्या बाई, गावाकडून आलेल्या, त्यांना चालायचं नाही, उगीच घरात कटकट नको. किती सोयीचं असतं ना घरात एक म्हातारं माणूस असणं? आपला सगळा कचरा त्यांच्या दारात नेऊन टाकता येतो. मी मात्र सुधारलेली, मधल्यामध्ये अडकलेली बिचारी सून.

एका दुपारी आत्याबाई स्वयंपाकघरात पाणी प्यायला आल्या. त्या बऱ्याच थकल्या होत्या तेव्हा. कट्ट्याकडे बघून म्हणाल्या, "त्या पोरीचा कप असा एकटा का गं ठेवतीस?"

मी आवाज खाली आणून म्हटलं, "आवं आत्याबाई, तुमच्यासाठीच. तुम्हाला चालायचं नाही म्हणून."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी कवा म्हणलं तसं? माझ्या घरात मी लय पाळलं, ते माझं मला ठावं हाय. पर हे घर तुझं हाय. मला इचारलंस तरी का?" आणि वळता वळता म्हणाल्या, "च्यापेक्षा किटली गरम."

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी मी तो कप उचलून सगळ्या कपांत ठेवला असेल. नाही ठेवला. म्हातारीनं दार उघडून दिलं होतं आणि मी उंबऱ्यावरून मागं फिरले. का? भीती कुणाची होती आता? पुढं आत्याबाई गेल्या. मग तर आडोसाही उरला नाही. तरी कप कट्ट्यावरच.

एकदा घरात कुणी नसताना मी संत्र्याच्या सालीचा चहा केला आणि त्या कपात ओतून घेतला. म्हटलं, पिऊन टाकू, संपवू एकदाचं. कप ओठांपर्यंत आला. वाफ तोंडावर आली. आणि हात थांबला. चांगला घासलेला, लख्ख कप. मीच घासला होता. मी तो चहा सिंकमध्ये ओतला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; माझा तर सुंभही जळला नव्हता, नुसता वरून रंगवला होता. हीच ती गोष्ट. जिच्याभोवती मी इतका वेळ फिरतेय. कप आत्याबाईंसाठी नव्हता. लोकांसाठी नव्हता. माझ्यासाठी होता. मला चालत नव्हतं.

मग मी सहा सारखे कप आणले, आतून पांढरे. विचार केला, गुपचूप बदलून टाकू, कुणाला काही सांगावंच लागायचं नाही. सुनीतापुढं नवा कप ठेवला. ती म्हणाली, "माझा कुठाय?" आणि उठून कट्ट्यावरचा घेऊन आली. "मला ह्यातच चव लागते बाई." आता काय बोलणार? तो नको म्हणायचं तर का नको ते सांगायला लागतं. मग वाटलं, फुटला तर बरं. एकदा मी तो मुद्दाम कट्ट्याच्या अगदी कडेला ठेवला. सुनीतानंच आत सरकवला. "अगं, फुटेल ना माझा कप."

कॉलेजात कुणाच्या तरी निरोप समारंभात ती सगळ्यांपुढं कौतुकानं म्हणाली, "मंगलच्या घरी माझा वेगळा कप आहे!" सगळे हसले. आमच्यातलीच एक बाई मात्र माझ्याकडे बघून गालात हसली. तिला बरोबर कळलं होतं. तिच्या हसण्यात शाबासकी होती. मी काय केलं असेल? मीही हसले.

आता गेल्या महिन्यातलं सांगते, आणि मग सांगण्यासारखं काही उरत नाही.

सुनीताची आई गावाहून तिच्याकडे राहायला आली होती. कराडकडची बाई, सत्तरीच्या पुढची, ताठ. शनिवारी सुनीता तिला घेऊन आली. गुलाबपाकळ्यांचा चहा केला होता, सगळ्या घरभर वास सुटला होता. म्हातारीनं कौतुकानं डबे बघितले, झाकणं उघडून वास घेतले, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेक लय नाव काढती तुझं," म्हणाली.

मी नवे कप मांडले. दोन. तेवढ्यात सुनीता कट्ट्याकडे गेली. "आई, हा बघ. सांगत होते ना? हा माझा वेगळा कप. ह्या घरात दुसरं कुणी ह्याला हात लावत नाही."

म्हातारीनं कपाकडे बघितलं. मग कट्ट्याकडे. मग भिंतीवरच्या आमच्या कपांच्या स्टँडकडे. आणि मग माझ्याकडे. ती नजर रागाची असती तर मी सोसली असती. ती रागाची नव्हती. ओळखीची होती. कुठल्या कुठं मागं ठेवून आलेलं माणूस अचानक रस्त्यात दिसावं, तसं बघितलं तिनं.

मी किटली उचलली.

"मला नको," ती म्हणाली. "मला च्या सोसत न्हाई आता."

"अगं आई, सकाळपासून तीन वेळा प्यायलीस की!" सुनीता हसत म्हणाली.

"न्हाई सोसत," म्हातारी पुन्हा म्हणाली, आणि पदर सारखा करून लेकीच्या शेजारी बसली. लेक चहा पिईपर्यंत तिनं लेकीच्या तोंडावरून नजर काढली नाही. सुनीता नेहमीसारखी कप विसळायला उठली, तशी म्हातारीनं तिचा हात धरला. "राहू दे," म्हणाली. "ती धुईल." मी धुतला. माझ्या पाठीमागं त्या दोघी बसल्या होत्या आणि नळ वाहत होता. घासून झाल्यावरही मी कितीतरी वेळ तो नळ बंद केला नाही.

आठवडाभर मी फोन वाजला की दचकत होते. म्हातारीनं सांगितलं असेल, आता सुनीता यायची नाही. किंवा येईल आणि विचारील. शप्पथ सांगते, विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटायचं. आणि लगेच वाटायचं, नको.

शनिवारी बेल वाजली. सुनीता दारात, हातात वेलदोड्यांची पुडी. "आई गेली गावाकडं," म्हणाली. "तुझी आठवण काढत होती. म्हणाली, मैत्रीण आहे ना, जपून राहा." आणि सरळ आत जाऊन तिनं कट्ट्यावरचा कप उचलला.

म्हातारीनं तिला सांगितलेलं नाही. लेकीचं मन मोडायला नको म्हणून ती गप्प राहिली. मी माझी अब्रू जायला नको म्हणून गप्प आहे. आम्ही दोघी एकच गोष्ट झाकतोय, पण ते एकच नव्हे, हे मला कळतं.

सुनीतानं कप पुढं केला. मी चहा ओतला.